काय हलायला पाहिजे आणि काय हलायला नको

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा कोल्हापूरचाच, सिनेमाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जवळ एक जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि दहा हजार रुपये. बारा मिनिटांची फिल्म करायची आहे, निम्मी शुक्रवार पेठेतल्या जुन्या वाड्यात आणि निम्मी पंचगंगेच्या घाटावर. व्हिडिओ बघून त्यानं तीन वस्तू केल्या: पीव्हीसी पाइपवर चालणारी डॉली, म्हणजे कॅमेऱ्याची गाडी; कॅमेरा खांद्यावर टेकवायचा पाइपचाच शोल्डर रिग; आणि चालताना कॅमेरा स्थिर ठेवायचा, खाली एक किलोची प्लेट लावलेला स्टॅबिलायझर. तिन्हींचे शॉट डळमळतात. तो विचारतो, "काका, घरी काय करू आणि विकत काय घेऊ? आणि बाबूराव पेंटरांनी याच गावात अख्खा कॅमेरा केला, मग मला साधा रिग का जमेना?"

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. कोल्हापुरात कॅमेरा हातात धरलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडी ते असतं, माझ्याही होतं. खरी कॉर्नर चौकात त्या कॅमेऱ्याच्या आठवणीत उभारलेल्या मानस्तंभासमोर उभं राहिलं की छाती फुगतेच. पण ती गोष्ट आपण फार घाईत सांगतो. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. इथं आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू यंत्र स्वतःच घडवायला बसले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला तो १९१८ मध्ये, आणि त्यांचा 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आला १९२० साली. बाबूरावांचं आडनाव मेस्त्री होतं हे विसरू नको. हत्यारं आधीच हातात बसलेली माणसं होती ती, आणि तरी वर्षं लागली. तू स्टॅबिलायझर एका रविवारी दुपारी केलास.

त्या कॅमेऱ्यात अवघड काय होतं? डबा नव्हे, भिंगही नव्हे. फिल्म एक फ्रेम खाली ओढायची, मग ती पूर्ण थांबवायची, ती थांबलेली असताना शटर उघडायचं, बंद करायचं आणि पुन्हा ओढायचं. हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. थांबण्यात केसभर फरक पडला तरी पडद्यावर चित्र नाचतं. हलायचं तेवढंच हलायला हवं आणि थांबायचं ते मेल्यासारखं थांबायला हवं.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींनी शिकवलं. साल २००७. तेव्हा आमच्याकडे मिनीडीव्ही कॅमकॉर्डर होते. सेन्सर एवढासा, त्यामुळे हिरो आणि त्याच्या मागची भिंत दोन्ही सारखीच स्पष्ट दिसायची, लग्नाच्या कॅसेटसारखी. त्यावर उपाय म्हणून जगभरची पोरं घरी अडॅप्टर बनवत होती: पुढे फोटोच्या कॅमेऱ्याची लेन्स, तिचं चित्र एका दुधी पडद्यावर पडणार आणि ते चित्र मागून कॅमकॉर्डर टिपणार. दुधी पडदा म्हणून मी कोऱ्या सीडींच्या गठ्ठ्यात वर असते ती पारदर्शक चकती घेतली आणि गॅरेजमधून आणलेल्या व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टनं घासली. पडदा स्थिर ठेवला की त्याचे दाणे चित्रात दिसतात, म्हणून मोटर लावून तो फिरवायचा. मी परदेशी नमुन्याचा छापील फोटो घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "फोटो नको. ह्यात हलायला पायजे काय आन् हलायला नको काय, तेवढं सांगा."

मला सांगता येईना. दहा मिनिटं डोकं खाजवून सुचलं: चकती गोल फिरली पाहिजे, पण पुढेमागे अर्धा मिलिमीटरही सरकता कामा नये, नाहीतर फोकस जातो. "मग असं बोला की," म्हणाले आणि पितळेचा बुश करून दिला. त्यावर मी एक अख्खी फिल्म काढली. चित्र उलटं दिसायचं, म्हणून छोटा टीव्ही उलटा टांगून बघायचो. पुढच्याच वर्षी मोठ्या सेन्सरचा, व्हिडिओ काढणारा कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि माझं यंत्र माळ्यावर गेलं. अजून तिथंच आहे. पण तो प्रश्न मी आजही प्रत्येक रिगला विचारतो, आणि तुझ्या तिन्ही वस्तूंना विचारून बघितला.

आधी स्टॅबिलायझर, कारण तिथं तुझी चूक सगळ्यात मोठी आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त. तुला वाटलं, खाली जितकं जड तितकं स्थिर. खाली जड केलंस की लंबक होतो. तू चालायला लागलास की तो मागे झुलणार, थांबलास की पुढे. स्थिरपणा वजनातून येतो त्यापेक्षा जास्त ते वजन टेकूपासून, म्हणजे मुठीवर रिग जिथं तोलतो त्या सांध्यापासून, किती लांब आहे त्यातून येतो, आणि त्यात अंतराचा वर्ग धरायचा. आकडे मांडून दाखवतो. वर कॅमेरा आणि पट्टी मिळून ९०० ग्रॅम, टेकूपासून १५ सें.मी. वर. तोल साधायला खाली १५ सें.मी.वर ९०० ग्रॅम लावले तरी चालेल, किंवा ४५ सें.मी.वर फक्त ३०० ग्रॅम. तोल दोन्हीत सारखाच, १३,५०० ला १३,५००. पण जडत्व मोजलं तर पहिल्यात ९०० गुणिले १५ चा वर्ग, दोनदा, म्हणजे चार लाख पाच हजार. दुसऱ्यात वरचे दोन लाख अडीच हजार आणि खालचे सहा लाख साडेसात हजार, मिळून आठ लाख दहा हजार. म्हणजे रिग ६०० ग्रॅमनं हलका झाला आणि दुप्पट स्थिर झाला. तुझा दांडा वीतभर आहे, तो हातभर कर.

मग खालचं वजन वायसर घालत-काढत अशा बेतानं ठेव की तळ किंचितच जड राहील. तपासायचं असं: दांडा आडवा धरून सोड. तो उभा व्हायला साधारण दोन सेकंद लागले पाहिजेत. धाडकन उभा राहिला तर वजन जास्त आहे. आणि टेकूत बोल्ट-नट अडकवलास तसं चालणार नाही. तुझ्या हाताचा झोल तिथंच मरायला हवा, तर तिथलं घर्षण तो सरळ कॅमेऱ्याकडे पोचवतंय. तिथं बेअरिंगच हवं.

डॉलीचं उत्तर निराळं. तिला एकाच रेषेत जायचं आहे, बाकी सगळ्या दिशा बंद. ॲल्युमिनियमच्या अँगलला दोन्ही बाजूंनी ६०८ ची बेअरिंगं लावलीस हे बरोबर केलंस. २२ मिलिमीटर बाहेरून, ८ मिलिमीटरचं भोक, स्केटिंगच्या चाकात असतात तीच, कुठंही मिळतात. तुझा झटका चाकातून येत नाही, पाइपच्या सांध्यातून येतो. दोन पाइप जोडताना आत घट्ट बसेल असा लाकडाचा दांडू घाल, आणि पाइपची टोकं सरळ कापू नको, तिरकी काप. सरळ कापलं की बेअरिंग फटीत एकदम पडतं, तिरकं कापलं की एका पाइपवरून दुसऱ्यावर हळूहळू जातं. पाइप घाटावर उन्हात टाकून जेवायला गेलास तर परत येईपर्यंत त्याचा धनुष्यबाण झालेला असतो, सावलीत ठेव.

आणि जमीन! वाड्याची फरशी डोळ्यांना सपाट दिसते, ती नसते. गवंड्याकडची पाणसळ आण, पाइपखाली लाकडाच्या पाचरी सारत सारत लेव्हल कर. पाचरी कमी पडल्या म्हणून जुन्या वह्या घालशील, त्या दबतात. वीस मिनिटं लागतात या कामाला, आणि मुलं नेमकी तीच वीस मिनिटं वाचवतात. कुरकुर आवाज आला तर पाइपवर टाल्कम पावडर.

एक गोष्ट फुकट आहे म्हणून कुणी सांगत नाही. लेन्स १८ वर, म्हणजे रुंद, असताना जो धक्का दिसत नाही तो ५५ वर, म्हणजे चित्र जवळ ओढल्यावर, मोठा होऊन दिसतो. तुझे डळमळलेले शॉट बघितले, बहुतेक ५५ वर आहेत. डॉली चालवायची तर लेन्स १८ ते २४ मध्ये ठेव आणि माणसाच्या जवळ जा. घाटाच्या पायऱ्यांवर डॉली नकोच, ट्रायपॉडवरून काढ.

शोल्डर रिगबद्दल फार बोलत नाही. पाइप लवचिक आहे म्हणून तो स्प्रिंगसारखा थरथरतो, आणि सगळं वजन पुढे आहे म्हणून तुझे दंड थकतात. मागे पाठीकडे कॅमेऱ्याइतकं वजन टाक. तालमीत जुनी छोटी प्लेट मिळेल, वस्तादांना विचारून घे. खांद्यावरची गादी चप्पल लाइनला चामड्यात शिवून घे. तरी थरथर राहिली तर तो मोडून टाक आणि कॅमेऱ्याचा पट्टा मानेत घालून, ताणून धर, कोपर पोटाला लावून. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

आता बोल्ट. हे वाचून बाकीचं विसरलास तरी चालेल. कॅमेऱ्याखालचं भोक पाव इंची असतं, इंचाला वीस आटे. आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्याला "दोन सुती बोल्ट" म्हण, तो बरोबर देईल. व्हिटवर्थचा असेल तर आट्यांचा कोन ६० ऐवजी ५५ अंशांचा असतो, पण इंचाला आटे वीसच, त्यामुळे हातानं फिरवून बसतो आणि आपलं काम होतं. एम-सहा मात्र घेऊ नको. तो सहा मिलिमीटरचा, भोक ६.३५ चं. दोन आटे जातो, मग अडकतो, मग तू पान्यानं पिळतोस आणि कॅमेऱ्याचे आटे खातोस. लांबीही बघ. भोकाची खोली जेमतेम पाच मिलिमीटर असते. लांब बोल्ट पिळलास तर कॅमेऱ्याचा तळ आतून फुटतो. पट्टीच्या वर बोल्ट साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त येत असेल तर खाली वायसर घालून कमी कर. तुझ्या फोटोत तू एम-सहाच लावलेला दिसतोय. आज काढ.

क्रेन करणार नाहीस ना? तू विचारलं नाहीस, पण पुढच्या महिन्यात विचारशील. मी केली होती, ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची. एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला बारा किलोच्या प्लेटा. शूट संपलं, मी वाकून खाली केबल गुंडाळत होतो, आणि मदतनीस पोरानं आधी कॅमेरा सोडवून घेतला. प्लेटांचं टोक खाली गेलं आणि रिकामं टोक उसळून माझ्या हनुवटीला लागलं. तीन टाके. चूक माझीच, त्याला सांगितलं नव्हतं. आधी वजनं उतरवायची, कॅमेरा शेवटी. आणि कलाकाराच्या डोक्यावर काहीही टांगशील ते नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर नको, सोबत साखळी किंवा तारेचा दोर हवाच.

जुन्या लेन्सचा तुझा एक उपप्रश्न होता, हेलिओस ५८ मिलिमीटर घेऊ का म्हणून. इथं काहीच हलायला नको, आणि एका मापावर सगळं ठरतं: लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर. हेलिओसची ४२ च्या आट्यांची बैठक ४५.४६ मि.मी. मागते. कॅननचं अंतर ४४, म्हणजे दीड मिलिमीटरची रिंग बसते आणि लांबचंही फोकस होतं. निकॉनचं ४६.५, म्हणजे अंतर आधीच जास्त. बिनकाचेच्या रिंगवर ती लेन्स जवळचं दाखवेल, पलीकडचा काठ कधीच स्पष्ट होणार नाही. तुझा कॅमेरा कोणता ते लिहिलं नाहीस. कॅनन असेल तर खुशाल घे, पण आधी टॉर्च मारून आत बुरशी बघ. आपल्या पावसाळ्यात लेन्सा बुरसटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायच्या.

खरा पैसा आणि खरी अक्कल घाल ती उजेडात. रिगमध्ये आपण दुकानातल्या वस्तूची नक्कल करतो आणि ती नेहमी थोडी कमीच पडते. उजेडाला दुकान लागत नाही. सत्यजित रायांचे कॅमेरामन सुब्रत मित्रांनी 'अपराजितो'साठी सेटवर पांढरं कापड ताणून त्यावरून उजेड परतवला, तो १९५६ चा सिनेमा. तोच उजेड तुला मांजरपाटानं मिळतो. पाच मीटर घे, पण आधी दोनदा धू, खळ गेली पाहिजे. कोरा मांजरपाट किंचित पिवळा असतो, चेहऱ्यावर तो ऊबदार पडतो आणि वाड्याला शोभतो. धुवट पांढरा हवा असेल तर जुनी चादर. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोल धरलास तर निम्मं काम झालं.

हे सगळ्यांना माहीत असतं. उजेड काढून घ्यायचा असतो, हे कुणी करत नाही. वाड्याच्या स्वयंपाकघरात भिंती चुन्याच्या पांढऱ्या, उजेड सगळीकडून परत येतो आणि तुझ्या फिल्ममधल्या आजीचा चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. तिच्या एका बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळी घोंगडी टांग. साटिनचं काळं कापड चमकतं, घोंगडी उजेड पिऊन टाकते. पट्टणकोडोलीची असेल तर उत्तमच, घरी आजोबांची असेल तर ती. एका बाजूचा गाल काळवंडला की चेहऱ्याला उठाव येतो. त्या घोंगडीचं दुसरं काम पुढे सांगतो.

हॅलोजन वापरणार असशील तर मांजरपाट त्याच्यापासून निदान मीटरभर लांब ठेव, बटर पेपर तर जवळ नेऊच नको. १००० वॅटचा एक दिवा आपल्या २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर ओढतो. जुन्या वाड्याच्या साध्या पिनेवर एकच, दुसरा त्याच एक्स्टेन्शनवर नाही. घाटावर वीज नेऊ नको, पाण्याकाठी तर मुळीच नाही. सकाळी सहा ते आठ जो उजेड मिळतो तोच घे.

शटर १/५० सेकंद आणि फ्रेम सेकंदाला २५ ठेव. तुझ्या एका शॉटमध्ये बल्बखाली पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात, १/६० वर राहतात. उन्हात १/५० वर चित्र पांढरंफटक होईल, त्यासाठी लेन्सपुढे लावायची एनडी-आठ फिल्टरची काळसर काच विकत घे, तीन स्टॉप उतरतात, म्हणजे उजेड आठव्या हिश्शावर येतो. गॉगलची काच लावून बघायची हौस मीही केली आहे, चित्र हिरवट येतं.

आता आवाज, आणि इथं मी कडक बोलणार आहे. तुझ्या फिल्मचे डळमळीत शॉट प्रेक्षक सोसेल, पण आजी काय म्हणाली ते कळलं नाही तर दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढेल. दहा हजारांतले निदान चार हजार आवाजाला ठेव. माइक विकत घे, घरी करू नको. बाकी सगळं घरी होतं. जळमटं काढायची ॲल्युमिनियमची लांबणारी काठी हाच बूम, म्हणजे माइक बोलणाऱ्याजवळ धरायचा दांडा, कळकापेक्षा हलका. काठीला धरलेल्या बोटांचा आवाज माइकमध्ये जातो, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या रिंगा कापून माइक त्यांत अधांतरी अडकव. इथं काठी हलली तरी माइक हलायला नको, मिस्त्रींचा तोच हिशोब. वाऱ्यासाठी लांब केसांच्या खेळण्याचं अस्वल फाडून त्याची टोपी शिवता येते, घाटावर लागेलच. आणि वाड्याच्या खोलीत आवाज घुमतो तिथं ती घोंगडी, जमल्यास चार, कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीला टांग. उजेड पिते तशी ती आवाजही पिते.

विकत घ्यायच्या वस्तू म्हणजे माइक, एनडी फिल्टर, सेकंडहँड पण जड ट्रायपॉड. लिथियमच्या सुट्या सेलची बॅटरी घरी जोडू नको, कुणी कितीही सोपं करून दाखवलं तरी. राहिलेल्या पैशांत मांजरपाट, पाचरी, बेअरिंगं आणि लेथवाल्याची मजुरी.

मजुरीचं सांगतो, कारण स्टॅबिलायझरचा टेकू तुला करूनच घ्यावा लागेल. उद्यमनगरात जाताना व्हिडिओ नेऊ नको. कागदावर दांड्याचा व्यास, बेअरिंगचा नंबर आणि तीन बाण काढ: डावीउजवी, पुढेमागे, गोल. तिन्ही बाजूंना मोकळं हवं, वरखाली शून्य. बेअरिंग रबरी सीलचं देतील, ते घासतं. पत्र्याच्या झाकणाचं माग, झाकण काढ, आतलं ग्रीस रॉकेलमध्ये धुऊन टाक आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब सोड. बोटानं टिचकी मारल्यावर ते फिरत राहिलं तर बसव, लगेच थांबलं तर पुन्हा धू.